म्हसोबाची फौजदारीण

बजाजनगरातल्या त्या गल्लीत मंजुळाबाईंच्या कोंबडीला 'हुश' म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती देवाची कोंबडी होती. निदान गल्लीची तशी समजूत होती आणि ती मंजुळाबाईंनीच करून दिली होती.

कोंबडीचं नाव फौजदारीण. तांबूस अंग, मानेभोवती काळी झालर आणि चाल अशी की समोरच्यानं बाजूला व्हावं. सकाळी कंपन्यांच्या बस कोपऱ्यावर थांबायला लागल्या की ही फाटकाखालून बाहेर पडायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत गस्त घालून यायची. कुणाचे गहू वाळत असले तर चोच मारून त्यांची तपासणी करायची. कुंडी दिसली की माती उकरून आत काय लपवलंय ते बघायची. समोरच्या आशाबाईंचा गुलाब तिनं मुळासकट बाहेर काढला, तेव्हा त्या झाडू घेऊन धावल्या. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, झाडू खाली ठेवला आणि त्यांनी कोंबडीला हात जोडले.

"म्हसोबाची हाय म्हणून सोडते," त्या म्हणाल्या, "नायतर आज तुझा रस्साच केला असता."

मंजुळाबाई मेंढरांमागे वाढलेल्या. अजिंठ्याच्या बाजूचं सासर, पण वर्षातला बराचसा काळ घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. मुलाला, शिवराजला, वाळूजला कंपनीत नोकरी लागली. मेंढरं विकली गेली, नवरा वारला आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. घरात फ्रीज होता, सोफा होता, नळाला कधीमधी पाणीही होतं. ज्याच्या मागे फिरावं असं मात्र काहीच नव्हतं. सून ज्ञानेश्वरी प्रेमानं म्हणायची, "आत्याबाई, बसा जरा निवांत." आणि निवांत बसणं हीच गोष्ट त्यांना आयुष्यात कुणी शिकवली नव्हती. मग एकदा माहेराहून परतताना त्यांनी पिशवीत घालून ही कोंबडी आणली. तेव्हा ती तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली.

त्याच पावसाळ्यात शिवराजची मोटरसायकल घसरली आणि त्याचा पाय मोडला. धाकटा दीर फकिरा गावाहून बघायला आला. फकिरा मनाचा चांगला, पण जिवंत कोंबडीही त्याला आधी पातेल्यात दिसायची. पुतण्याच्या प्लास्टरवर हात आणि अंगणाकडे डोळे ठेवून तो म्हणाला, "वैनी, हाड जुळायला गावरान रस्स्यासारखं औषध नाय बघा."

शिवराजनं होकारार्थी मान हलवली. सून कांदा चिरायला बसली.

"तिला हात लावू नका," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हसोबाला बोललेली हाय ती. याच्या पायासाठी."

नवसाला बोललेली कोंबडी घरात कापता येत नाही, विकता येत नाही, तिच्यावर काठीही उगारता येत नाही. ती जिवंत गावी न्यायची, म्हसोबापुढेच द्यायची, तिथेच शिजवायची आणि तिथेच खायची. फकिराचा हात आपोआप कपाळाला गेला.

"कवा बोलली, वैनी?"

"सकाळीच."

म्हसोबाला मात्र याची काहीच खबर नव्हती.

पाय जुळला. शिवराज कामावर जायला लागला आणि नवस कधी फेडायचा अशी विचारणा सुरू झाली. मंजुळाबाईंचं उत्तर तयार असे. आता ती खुडूक होऊन अंड्यांवर बसलीय. आता भावकीत सुतक आहे. आता अधिक महिना लागलाय, देवालासुद्धा गर्दी असेल. वर्षं अशीच गेली आणि फौजदारीण गस्त घालत राहिली.

मंजुळाबाईंच्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन डब्या असत, एकीत मिसरी आणि दुसरीत ज्वारी. सकाळी उठायचं, एका हातानं दातांना मिसरी लावायची आणि दुसऱ्या हातानं ज्वारी फेकायची. त्या दिवशी ज्वारी फरशीवर पडली, पण टिपायला कुणी आलं नाही. फौजदारीण जिन्याखाली बसली होती. पिसं फुगलेली, मान आत ओढलेली, तुरा जांभळा पडलेला.

"काय गं, आज रजा टाकली का?"

फौजदारिणीनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

मंजुळाबाईंनी तोंड धुवायच्याही आधी लसूण ठेचला, हळद-तुपाची गोळी करून चोचीत सरकवली, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. आशाबाई आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "दृष्ट लागली बघा. कालच मी म्हणलं, काय तोरा हाय मेलीचा. माझीच लागली आसंल." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. मिरच्या जळाल्या, सगळी गल्ली खोकली. कोंबडी ढिम्म हलली नाही.

शिवराज पहिल्या शिफ्टला जाता जाता हे सगळं बघून गेला होता. त्यानं वाटेतूनच काकाला फोन लावला. फकिरानं गाडीला किक मारायला उशीर लावला नाही. दुपारी तो दारात हजर होता, हातात भलीमोठी पिशवी.

"वैनी, जीव हाय तवर नेली पायजे. मेलेली देवाला चालत नाय."

"पिशवीत काय हाय, भावजी?"

"नारळ. शेंदूर."

"आन खालून भाजल्या खोबऱ्याचा वास येतोय तो?"

"काळा मसाला हाय. देवासाठीच."

"म्हसोबा एवढं तिखट खातो?"

"आमचा लई खातो," फकिरा गंभीरपणे म्हणाला.

मंजुळाबाईंनी कोंबडी टॉवेलात गुंडाळली. "मग आधी दवाखान्यात दाखवून आणते. देवाला आजारी देणं बरं दिसंल का?" फकिरा पिशवी खाली ठेवेपर्यंत सासू-सून रिक्षात बसल्याही होत्या.

तो दवाखाना कुत्र्यामांजरांचा. तिथे साखळीच्या एका टोकाला वासराएवढा कुत्रा आणि दुसऱ्या टोकाला त्याचा मालक होता. टॉवेलातून बाहेर आलेली चोच बघून मालक हसला. "दादी, ये क्या मेरे कुत्ते के वास्ते लाए?"

"तुझा कुत्रा हिच्यासाठी आणलाय का, ते सांग आधी."

मालकानं साखळी आखडून घेतली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"फौजदारीण."

"आडनाव?"

ज्ञानेश्वरीनं पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हात हलका. त्यांनी फौजदारिणीचं पोट चाचपलं, पंख उचलून बघितले आणि सावकाश सांगितलं, "आजी, अंडं आतच फुटलंय. विष भिनलंय. इंजेक्शन देते, दुखणं कमी होईल. पण ती बरी होईल असं मी सांगणार नाही."

मंजुळाबाईंनी टॉवेलाची घडी उगाचच नीट केली.

"आणि हो," सुई टोचून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला कापून खायचं नाही हं. औषध मांसात उतरतं."

मंजुळाबाईंचा उतरलेला चेहरा जरासा उजळला. "हे मोठ्यानं सांगा, बाई. माझ्या सुनेला नीट ऐकू जाऊ द्या. तिला घरी जाऊन सांगायचंय."

घरी फकिरानं ते ऐकलं. चहा आला. अर्धा कप झाल्यावर तो म्हणाला, "मग देवाला तरी कशाला आसली अवशिदाची कोंबडी? देव समजून घेतो, वैनी. नारळ फोडला तरी भागतंय." दुपारपर्यंत कडक असलेला म्हसोबा चहाबरोबर विरघळला. फकिरानं काळ्या मसाल्याची पुडी हळूच पिशवीच्या तळाशी सरकवली.

विरघळला नाही तो शिवराज. तो शिफ्टवरून येऊन पायरीवर बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून.

"नाय काका. बोलल्यालं आसं बदलता येत नाय. पावसाळी हवा पडली की हा पाय अजून ठणकतो. वेळेवर दिली आसती तर ठणकला नसता. खाऊ नका तुम्ही, पण द्यायची तिथंच. आत्ताच निघू." तो उठला आणि जिन्याखालचं कोंबडी झाकायचं डालगं त्यानं ओढून घेतलं.

फौजदारीण मंजुळाबाईंच्या मांडीवर होती. तिचा श्वास भराभर चालला होता आणि अंग भट्टीसारखं तापलं होतं. आता खुडूक, सुतक, अधिक महिना यांपैकी काहीच कामाचं नव्हतं.

"ठेव ते डालगं खाली," त्या म्हणाल्या. "म्हसोबाला मी हिला बोललेच नव्हते."

फकिराचा कप ओठापाशीच थांबला.

"हे भावजी रस्सा मागत हुते. तू मान हलवत हुतास. ही कांदा चिरत हुती. मला दुसरं काय सुचंना."

आता शिवराज खोट्याबद्दल भडकेल असं सगळ्यांना वाटलं. तो भडकलाच, पण भलत्याच गोष्टीवर.

"म्हंजे? मी पाय मोडून पडलो आन माझ्यासाठी तू देवाला काहीच बोलली नाय? साधी एक कोंबडीसुदिक नाय, माय?"

"नारळ तरी, वैनी?" फकिरानं हळूच विचारलं.

"भावजी, तुम्ही चहा प्या." मग त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "बोलले हुते. न बोलून कशी राहीन? पण हिला नाय बोलले."

"मग काय बोलली?"

मंजुळाबाईंनी खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं. "मिसरी सोडीन म्हणलं हुतं."

आधी ज्ञानेश्वरीला हसू फुटलं. "आत्याबाई! आज सकाळीच तर लावली की तुम्ही!"

"सोडीन म्हणलं हुतं. कवा, ते कुठं म्हणलं हुतं?"

शिवराजनं कपाळावरच्या आठ्या टिकवायचा प्रयत्न केला, पण ओठांनी ऐकलं नाही. "आन माझा पाय तुझ्या मिसरीपायी ठणकतोय व्हय इतकी वर्षं?"

"आसंल बाबा. देवाचं काय सांगावं."

त्यानं डालगं जिन्याखाली परत सारलं. आईशेजारी बसला आणि एका बोटानं फौजदारिणीच्या मानेवरची काळी झालर सारखी केली. आल्यापासून जे विचारलं नव्हतं ते आता विचारलं. "डॉक्टर काय म्हणली, माय?"

संध्याकाळी जनरल शिफ्टची बस कोपऱ्यावर थांबली आणि नेहमीसारखा हॉर्न वाजला. फौजदारिणीनं मान उचलली, फाटकाच्या दिशेनं बघितलं, पाय एकदा झाडला. मग मान मंजुळाबाईंच्या मनगटावर टेकवली ती पुन्हा उचलली नाही.

घरामागच्या मोकळ्या जागेत भिंतीकडेला फकिरानं खड्डा खणला. नाही म्हटलं तरी इतकी वर्षं तिच्यावर डोळा होता. त्याचेही डोळे लाल झाले होते. आशाबाई गुलाबाची फांदी घेऊन आल्या, त्याच उपटलेल्या आणि पुन्हा लावलेल्या गुलाबाची. "वर लावा. हेच उकरायला आवडायचं मेलीला."

मंजुळाबाईंनी मूठभर ज्वारी आत सोडली. घरात गेल्या, मिसरीची डबी घेऊन आल्या आणि तीही खड्ड्यात टाकली.

"वैनी, भरल्याली दिसती डबी," फकिरा वाकून बघत म्हणाला. "मातीत घालण्यापरीस..."

"भावजी!"

फकिरानं घाईघाईनं माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाईंचा हात सवयीनं खिडकीकडे गेला. एक डबी जागेवर नव्हती आणि जी होती तिचं काय करायचं ते कळेना. शेवटी त्यांनी ज्वारी फेकली. चिमण्या आल्या. त्यांना ना तोरा, ना गस्त.

आशाबाई फाटकाशी आल्या, तर मंजुळाबाई पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

"रडता का काय?"

"छ्या! मिसरी सोडली ना काल. सुरुवातीला येतं म्हणं आसं डोळ्याला पाणी."

"व्हय, येतं," आशाबाई म्हणाल्या आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. आशाबाईंनी आयुष्यात कधी मिसरी लावली नव्हती.