पंप बंद करायचा नाही

आमचे हे औषध मारतात. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन झुरळं, ढेकूण, वाळवी, जे काय वळवळत असेल त्याच्यावर. त्यामुळे सगळे ह्यांना ‘औषधवाले’ म्हणतात, आणि नव्या माणसाला वाटतं गोळ्या-बाटल्यांचं दुकान आहे. एका आजीबाईंनी तर फोन करून गुडघेदुखीवर काय आहे असं विचारलं होतं. ह्यांनी शांतपणे सांगितलं, ‘आजी, माझं औषध तुम्हाला मानवायचं नाही.’ मी आत ओट्याशी हसून हसून बेजार झाले. पण ह्यांच्यासमोर ‘विष’ हा शब्द काढायची सोय नाही. काढला की भडकलेच. ‘विष काय म्हणतेस? सगळं गाव औषध म्हणतं, तू एकटीच शहाणी!’ डब्यावर चक्क कवटीचं चित्र असतं. असेना का. लग्न झालं तेव्हापासून मीसुद्धा औषधच म्हणत आले.

माणूस तसा सरळ. तापट, पण सरळ. कामावरून आले की बाल्कनीतच कपडे काढणार, ते वेगळ्या बादलीत टाकणार, आंघोळ करणार आणि मगच घरात कुणाशी बोलणार. लोकांच्या घरी काम इतकं चोख की फडताळातली डाळ-तांदळाची डबडीसुद्धा स्वतः बाहेर काढतील, पुसून परत लावतील. बायका मला सांगतात, तुमच्या ह्यांच्यासारखा माणूस नाही. मी म्हणते, घरी कधी एक डबा उचलताना दिसले तर मला बोलवा.

आमची एकुलती एक मुलगी. शाळेत नाव काय असेल ते असेल, घरात ठकी. पंधरावं लागलं आणि पोरगी एकदम घुमी झाली. विचारावं तेवढंच बोलायची, तेही भिंतीकडे बघून. मग तिच्या वर्गातली एक मैत्रीण घर बदलून दुसरीकडे राहायला गेली आणि जाताना आपली माशांची टाकी हिला देऊन गेली. झालं! ठकीचं तोंड उघडलं ते बंदच होईना. गप्पी असे करतात, टेट्रा तसे करतात, पाणी आठवड्याला किती बदलायचं, नळाचं पाणी थेट का घालायचं नाही. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण पोरगी बोलत होती ना, मग मी कान देऊन ऐकत होते.

ह्यांना मात्र टाकी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. फरशीवर पाणी सांडतं, अभ्यास बुडतो, खोलीला वास येतो. आणि तो हवेचा पंप! टाकीशेजारी स्टुलावर ठेवलेली एवढीशी डबी, पण आवाज केवढा. नळीतून पाण्यात बुडबुडे सोडत दिवसरात्र घर्रर्र चालू. ‘घर आहे का गिरणी?’ हे म्हणायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. ठकीने ह्यांना बजावलं होतं, की तुमच्या हाताला औषध असतं, टाकीला बोट लावायचं नाही. म्हणजे बापाला आपल्याच घरात बंदी. ते ह्यांना फार लागलं. मला एकदा म्हणाले, ‘मी काय रोगी आहे का गं, की पोरीने मला लांब बस म्हणावं?’

एकदा दुपारी डोळा लागेना म्हणून ह्यांनी गुपचूप पंप बंद केला आणि चालू करायला विसरले. ठकी शाळेतून आली तर निम्मे टेट्रा उताणे. रडली नाही, ओरडली नाही. बापाशी बोलणं सोडलं. ‘आई, पप्पांना सांग जेवायला वाढलंय.’ ‘अगं, तिला सांग मला भूक नाही.’ मधल्या मधे माझं डोकं उठलं! शेवटी हेच तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, ‘चुकलं बाई. आता काही झालं तरी तुझा पंप बंद करायचा नाही. शब्द दिला.’ आणि ह्यांनी शब्द दिला म्हणजे दिला. पुढे वीज जाऊन आली की आम्ही पंखा बघायचो, आणि हे आधी पंप बघायचे.

मग टाकीतल्या एंजल माशांनी अंडी घातली. चपटे, त्रिकोणी, लांब पंखांचे मासे असतात ते. पाण्यात उभ्या ठेवलेल्या पाटीवर मोहरीहून बारीक अंड्यांच्या ओळी. नर-मादी पाळीपाळीने समोर उभं राहून पंखांनी वारा घालायची. ठकीचा तर जीव टांगणीला लागला. आधी दोनदा अंडी वाया गेली होती. तिने बेत केला होता, की ह्या वेळी पिल्लं जगली की फक्त त्यांच्यासाठी दुसरी टाकी लावायची. ह्यांना मी रंगेहाथ पकडलं. आंघोळ करून, ओल्या केसांनी टाकीसमोर वाकलेले. म्हणे चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर! मग हळूच म्हणाले, ‘बाप बघ कसा राबतोय. खायलासुद्धा हलत नाही.’ त्या दिवसापासून कामावरून आले की पहिला प्रश्न, ‘अंडी शाबूत आहेत ना?’

आणि नेमके त्याच वेळी आमच्याकडे ढेकूण झाले. वरच्या मजल्यावरच्यांनी जुनी गादी जिन्यात आणून टाकली होती, तिथून आले. औषधवाल्याच्या घरात ढेकूण! बातमी इमारतभर झाली. खालचा इस्त्रीवाला म्हणाला, ‘काय साहेब, आता नमुने घरीच ठेवता का?’ हे हसले, पण कान लाल झाले होते. घरात येऊन म्हणाले, रविवारी सगळं घर मारून काढतो.

ठकीचा रविवारी सकाळी क्लास होता. जाताना दारातून तीन-तीनदा वळून सांगत होती. ‘पप्पा, टाकी नीट झाका. एक थेंब उडता कामा नये. आणि पंप बंद करायचा नाही हं, अंड्यांना हवा लागते.’

‘मला शिकवतेस? बापाचा धंदा आहे हा,’ हे म्हणाले. पण खूश होते. पोरीने टाकी सोपवली होती ना!

काय झाकली हो ह्यांनी ती टाकी! आधी जाड प्लास्टिक, चारही बाजूंनी चिकटपट्टी, वरून ओला टॉवेल. पंपाची नळी जिथून आत जात होती तिथेही पट्टीचे वेढेच्या वेढे. लोकांच्या घरी करत नाहीत एवढं. पंप बाहेर स्टुलावर चालूच. मला हाक मारून ऐकवलंसुद्धा, ‘बघ, चालू आहे बरं का. नंतर मायलेकी माझ्या नावाने शंख नको.’ मग फवारणीचं यंत्र पाठीला लावलं आणि मला जिन्यात घालवलं.

दुपारी खिडक्या-दारं उघडली, वास बराच गेला, तेव्हा आम्ही आत आलो. ठकीही तेवढ्यात पोचली. दप्तर न काढताच टाकीकडे धावली. ह्यांनी स्वतःच्या हाताने, साबणाने धुतलेल्या बरं का, पट्ट्या सोडवल्या. आत एक थेंब गेला नव्हता. पाणी आरशासारखं. आणि गप्पी तळाला.

टेट्रा झटके खात होते. एक जण स्वतःभोवती गरगर फिरत होता, भिंतीवर आपटत होता, परत फिरत होता. एंजलची मादी आडवी पडली होती. नर पाटीसमोरच होता, पण तिरका, आणि सगळं अंग थरथर कापत होतं.

‘पाणी!’ ठकी ओरडली. ‘बादल्या भरा! पप्पा, औषध द्या, औषध!’

हे जागच्या जागी थिजले. ‘औषध?’

‘माझं हो! पाण्यातलं! ती निळी बाटली!’ नळाचं पाणी माशांना चालावं म्हणून ती दोन थेंब घालते ते. मीच धावत जाऊन आणली. मी नळावर, हे बादल्या वाहतायत, ठकी कोपरापर्यंत हात घालून जुनं पाणी उपसतेय. फरशीवर तळं झालं. मध्येच ती एखादा मासा ओंजळीत घेऊन नव्या पाण्यात धरायची, ‘चल ना, चल ना रे,’ म्हणायची, आणि बाजूच्या ताटलीत ठेवून द्यायची. माझ्याच्याने बघवेना. देवा, एवढा तरी जोडा राहू दे, मी मनात म्हणत होते.

ह्यांनी मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला. काय काय झालं ते सांगितलं. झाकलं कसं होतं तेही सांगितलं.

‘आणि पंप?’ दुकानदाराने विचारलं.

‘चालू होता!’ हे जवळजवळ अभिमानाने म्हणाले. ‘मिनिटभरसुद्धा बंद केला नाही.’

तो म्हणाला, ‘अरेरे. तोच बंद करायचा असतो हो. पंप खोलीतली हवा ओढतो. खोलीत औषध मारलेलं. तुम्ही टाकी झाकलीत, पण पंपाने सगळं औषध नळीतून पाण्यात सोडलं.’

एवढी वर्षं ह्यांनी लोकांची घरं फवारली. फटी, सांधे, गटाराची जाळी, कुठून काय आत शिरतं ते ह्यांना पाठ. पण त्या नळीतून फक्त हवा जाते, हवा म्हणजे चांगली गोष्ट, असंच आम्ही तिघं धरून चाललो होतो.

‘मीच सांगितलं होतं बंद करू नका,’ ठकी म्हणाली. तिच्या आवाजात जीवच नव्हता.

‘गप्प बस! तुझा काय संबंध? धंदा माझा आहे. मला कळायला नको?’ हे ओरडले, आणि मग हातात तोंड घेऊन असे रडले की मला धरणी दुभंगावी असं झालं. मी ह्यांना सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

तरी आम्ही पाणी बदलत राहिलो. ठकी म्हणाली अजून एकदा, मग अजून एकदा. संध्याकाळ होता होता नर तेवढा उरला. पाटीवरची अंडी पांढरी पडली होती, म्हणजे मेलेली, ठकीने सांगितलं. त्याला ते कुठे ठाऊक! तो कापत कापत तिथेच वारा घालत होता. हे तांब्याने अगदी हळू, त्याला धक्का लागू नये म्हणून काठाने पाणी सोडत होते. तांब्या टाकीच्या काचेवर टकटक वाजत होता.

ठकी माशाकडे बघत होती. मग तिने बापाच्या हाताकडे पाहिलं.

‘पप्पा, हात का कापतोय?’

‘दमलोय.’

‘दुसरा दाखवा.’

‘ठके, उगाच फाटे फोडू नकोस.’

तिने ह्यांचा दुसरा हात धरला आणि दिव्याखाली सरळ केला. तोही कापत होता. मी रोज ह्यांच्यासमोर चहा ठेवते. चहा बशीत सांडतो तो मीच पुसते. वय झालं, डोळे गेले, लक्ष नसतं, असं म्हणून मी ह्यांची थट्टाही करते. ह्यांचं वय काय हो? अजून पन्नाशीही नाही.

नर गेला. ठकीने त्याला ताटलीत ठेवलं, टाकीचा दिवा मालवला, पंपाचं बटण बंद केलं. घर इतकं शांत झालं की मला भीती वाटली.

सकाळी मला वाटलं ती शाळेत जाणार नाही, झोपून राहील. पण हे यंत्र पाठीला लावून निघाले तेव्हा ती बाहेरच्या दारात उभी होती. पाठ दाराला टेकून.

‘बाजूला हो. लोक वाट बघतायत.’

‘नाही.’

‘मासे गेले म्हणून माझ्यावर राग काढतेस ना? काढ. दुसरी टाकी आणून देतो, मोठी. पण आता सोड.’

‘नको मला टाकी,’ ती म्हणाली. ‘एका सकाळच्या हवेने सगळे मेले, पप्पा. तुम्ही तीच हवा रोज घेता.’

हे हसल्यासारखं करून माझ्याकडे बघायला लागले, की सांग हिला काहीतरी. ‘अगं, मासा केवढा, मी केवढा! माणसाला एवढ्याने काही होत नाही.’

‘तुम्ही मोठे आहात, म्हणून वेळ लागतोय.’

हे तसेच, यंत्र पाठीवर असतानाच, चपलांच्या मांडणीवर बसले. पट्टा गच्च धरून ठेवला होता. बोटं मला दिसत होती, मी नजर वळवली तरी दिसत होती.

‘मला दुसरं काय येतं गं?’ ठकीला नाही, मला विचारलं.

घर ह्यावरच चाललं, ठकीच्या वेळचं माझं बाळंतपण ह्यावर झालं, माझ्या अंगावरचं लुगडं ह्यावरच. ह्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. कुणाकडे तरी झुरळं झाली असतील. वाजून थांबला, परत वाजला. ठकी दारातून हलली नाही, आणि मी तिला हल म्हटलं नाही.