टायर देणारे मामा

दान देताना भांडणारा माणूस सबंध गोव्यात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मागणाऱ्याने अजिजी करावी आणि देणाऱ्याने हात आखडता घ्यावा, ही जगाची रीत. पण आमोण्याच्या त्यांच्या घरी बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, एखाद्या संस्थेची माणसं येऊन टेकली की पुढच्या वळणापर्यंत आवाज पोचतो. "इतक्यान कितें जातलें तुमचें? पावसांत छप्पर गळूंक लागलें की कोणागेर वतले? आनी मागात!" असं दरडावून ते समोरच्याला रक्कम वाढवायला लावतात. बालवाडी चालवणाऱ्या एक भिडस्त बाई तर "पुरे हो, नको हो" म्हणता म्हणता रडकुंडीला आल्या होत्या. शेजारी नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "जमिनीचा वाद आहे का?"

मामांच्या बार्जी होत्या, मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या. खाणी बंद पडल्यावर त्यांनी त्या विकल्या आणि मामी गेल्यावर तिच्या नावाने एक छोटासा ट्रस्ट काढला. विश्वस्त म्हणून ते स्वतः, बंगळूरला नोकरी करणारी त्यांची एकुलती एक मुलगी शिल्पा, आणि मी. मी डिचोलीत मुख्याध्यापक होतो आणि जावई असल्यामुळे नाही म्हणू शकत नव्हतो, एवढीच माझी पात्रता. कार्यक्षेत्र डिचोली आणि पेडणे. त्यापलीकडे मामांची जुनी जीप तापायची.

या ट्रस्टचा एकमेव अलिखित नियम असा, की ज्याच्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येईल अशी कुठलीही वस्तू द्यायची नाही. पेडण्यात डायलिसिसच्या रुग्णांना इस्पितळात नेणारी एक गाडी आहे. ती कुणीतरी दिलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांवर त्या कुणीतरीचं नाव एवढं ठळक आहे, की मोप्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानातूनही वाचता यावं. "गाडी दिवपी खूब आसात," मामा म्हणाले, "पूण टायर कोण दिता? डिझेल कोण घालता? डायवराच्या चुलीर कितें शिजता तें कोण पळयता?" तेव्हापासून टायर, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार आमच्याकडे. एका वाचनालयाचे अध्यक्ष काचेची कपाटं मागायला आले, तर मामांनी विचारलं, "दार कोण उगडटा?" दार उघडायला माणूसच नव्हता. कपाटं राहून गेली, पण दार उघडणाऱ्या बाईंचा पगार सुरू झाला आणि गावातल्या पोरी आता तिथे परीक्षेचा अभ्यास करतात.

संस्था खरी की खोटी हे ओळखण्याची मामांची पद्धत म्हणजे न सांगता जेवणाच्या वेळेला जाऊन पंगतीला बसणं. अहवाल, फोटो, पडद्यावर दाखवायची चित्रं या गोष्टी ते माझ्याकडे ढकलतात. स्वतः मात्र पानात काय पडतं ते बघतात. एका ठिकाणी कशी कोण जाणे, आधीच वर्दी पोचली. आम्ही पोचलो तर पुलाव, कुर्मा आणि वर काजू पेरलेला शिरा. मामांनी शिरा दोनदा मागून घेतला, पोटभर खाल्ला, हात धुतले आणि जीपमध्ये बसता बसता निकाल दिला, "दर दिसा शिरो खातात, तर तांकां आमची गरज ना." उलट हळर्ण्यात वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या दिवसघरात त्यांना नुसती पेज आणि फणसाची भाजी मिळाली, वर वाढणारीने "आधी सांगून यायचं नाही का?" म्हणून झापलं. मामा परतीच्या वाटेवर गात होते.

सत्काराला मात्र हा माणूस सापाला भ्यावं तसा भितो. कुठे माइकवर "हॅलो, हॅलो" ऐकू आलं की त्यांना लघवीला लागते. पेडण्याच्या एका कार्यक्रमात ते असेच मागच्या दाराने पसार झाले आणि निवेदकाने भलं मोठं विशेषण लावून पुकारलं तेव्हा त्यांच्या खुर्चीशेजारी मी एकटाच होतो. ती शाल अजून माझ्याकडे आहे. माझ्या उदार मनाबद्दल त्या दिवशी बरंच काही बोललं गेलं.

मग गेल्या श्रावणात हळर्ण्याहून येताना मामांच्या छातीत दुखलं. जीप रस्ता सोडून शेताच्या बांधाला टेकली. शेतातल्या बायकांनी आरडाओरडा केला, आणि मामांना इस्पितळात नेलं ते त्याच डायलिसिसच्या गाडीने. जीव वाचला. शिल्पा त्याच संध्याकाळी उतरली, तिने मामांचा फोन काढून घेतला आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला "बाबांना आराम हवा" असं सांगून वाटेला लावलं. काटेकोर मुलगी, बंगळूरला मोठ्या कंपनीचे हिशेब तपासते. झालं, सगळ्यांनी मनाशी धरलं की आता ट्रस्टला कुलूप. वाचनालयाच्या बाई मला बाजारात भेटून गेल्या, डायलिसिसच्या गाडीचा ड्रायव्हर घरी आला. "सर, आमचें कितें?" एवढंच विचारून तो चहा न घेता उभाच राहिला. गाडी बंद पडली तर त्यातली माणसं आठवड्यातून कितीदा भाड्याच्या रिक्षाने जाणार होती?

मामा उठून बसायला लागल्यावर शिल्पाने बैठक बोलावली. बल्कांवावर आम्ही तिघं. मामा वाळले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते.

"हांवें थारायलां," ते म्हणाले. "बंद करया. शिल्पाच्या गळ्यांत ही धोंड कित्याक? तिका तिचें काम आसा, तिचो संसार आसा."

मी शिल्पाकडे पाहिलं. ती सुटल्यासारखी मान हलवेल, अशी मला भीती होती. ती मात्र लालबुंद झाली.

"मला विचारलंत?" ती म्हणाली. "धोंड म्हणून कुणी सांगितलं तुम्हांला?"

"तुका त्रास जातलो म्हणून..."

"बाबा, आई गेल्यापासून आपण फोनवर काय बोलतो? अमुक ठिकाणी पेज छान होती, तमक्या वाचनालयात नवा दिवा लावला, गाडीचे टायर बदलले. याशिवाय तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तब्येतीचं विचारलं की 'बरें आसा' म्हणून फोन ठेवता. हे बंद केलंत, तर आपण बोलायचं काय?"

भांडण्यात उभं आयुष्य गेलेले मामा नाक शिंकरायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शिल्पाने पदराने नव्हे, सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "भावजी, ड्रायव्हरला फोन करा. बिचारा काळजीत असेल." मी इतक्या घाईने फोन लावला, की पहिल्यांदा तो भलत्यालाच लागला. दुसऱ्यांदा लागल्यावर मी बातमी सांगितली, तेव्हा पलीकडून आलं, "देव बरें करूं, सर." माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं.

शिल्पाची अट एकच होती, जीप विकायची. मामा त्यावर आठवडाभर धुसफुसले, पण आवाज पुन्हा पुढच्या वळणापर्यंत पोचू लागल्यामुळे आम्हांला ते धुसफुसणंही गोड वाटलं. आता ती अर्धा महिना इथूनच काम करते. गाडी ती चालवते, मामा शेजारी बसून रस्ता चुकवतात. फोन तिलाच येतात. मामांचा फोन बहुतेक वेळ मुका असतो. ते तो उगाच उचलून बघतात आणि परत खिशात ठेवतात.

परवा हळर्ण्याला दिवसघरात गेलो होतो. शिल्पा आत स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याबद्दल बोलत होती, बोलत कसली, "इतक्याने काय होणार तुमचं?" म्हणून चढ्या आवाजात विचारत होती. मामा बाहेर ओसरीवर टेकले. शेजारी डोळ्यांनी अधू झालेली एक आजी बसली होती.

"खंयचो रे तूं?" तिने विचारलं.

"आमोण्याचो."

"हांगा कित्याक आयलो?"

मामा आतल्या आवाजाच्या दिशेने हनुवटी करून म्हणाले, "तिच्यावांगडा आयलां. हांव तिचो बापूय."

"मग बस ओगी," आजी म्हणाली. "ती काम करता. तिका मदीं मदीं उलो मारून त्रास दिवं नाका."

मामा मुकाट्याने ओगी बसले. समोर शेतात वारा सुटला होता, आणि ते आतलं भांडण ऐकत होते.