बायकोची गोळी आणि माझा कटिंगचा हात

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मी जीन्स कारखान्यात कटिंग मास्तर आहे. कापडाचे पन्नास थर एकावर एक अंथरायचे आणि खडूच्या रेषेवरून मशीन चालवायची. इथे हात हलला, की एक पँट बिघडत नाही, पन्नास बिघडतात.

मागच्या वर्षी सर्दीतापातून उठलो आणि गळा दुखायला लागला. आतून नाही, बाहेरून. कॉलरचं बटण लावलं तरी कळ कानापर्यंत. मी गुळण्या केल्या, हळदीचा लेप लावला, शेवटी सगळा दोष उशीला देऊन नवी उशी आणली.

बदलापूरच्या आमच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली. रिपोर्ट मोबाइलवर आला. तो डॉक्टरांना दाखवायचा असतो, एवढं मला कळत होतं. पण आमच्या घरात थायरॉइडचा दहा वर्षांचा अनुभव होता. बायकोचा होता, एवढंच. टीएसएचपुढे लिहिलं होतं, 'लो'.

"लो म्हणजे कमी. कमी आहे ते भरायचं," असं म्हणून मी तिच्या गोळ्यांच्या बाटलीला हात घातला.

"अहो, माझा वाढलेला आला होता, तेव्हा मला ही गोळी दिली. तुमचा कमी आलाय. मग हीच गोळी कशी?"

"तू बाई, मी पुरुष. उलटंच असणार!"

तिने बाटली काढून घेतली. पण ती आंघोळीला गेली, की मी रोज उपाशीपोटी एक गोळी गिळायचो. चार दिवसांनी दीड. छाती धडधडायची, घाम फुटायचा, पँट कमरेवरून घसरायची. मी खूश. औषध लागू पडतंय!

आठव्या दिवशी मशीन रेष सोडून नाचली. आमच्या सिंधी सेठनं कापलेला तुकडा उचलून धरला.

"साईं, ये पँट है या बदलापूर का रस्ता?"

मशीन माझ्या हातातून गेली. "हाथ हिलना रुका तो टेबल तेरा. नहीं तो दूसरा मास्तर देखता हूँ." मला दोरे कापणाऱ्या बायकांमध्ये बसवलं. त्याही सोडतात होय! "काका, दोरा इकडे, कात्री तिकडे कुठे?"

बायकोनं बाटलीतल्या गोळ्या मोजल्या आणि बाटलीसकट मला तिच्या अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या पसरलेल्या हातांवर कागद ठेवला. कागद फडफडला.

"ही गोळी कोणी दिली?"

"घरच्यांनी."

"मी नाही हं!" बायको.

बाई म्हणाल्या, "सूज दोघांच्याही ग्रंथीला आहे, पण जात वेगळी. तुमच्या बायकोचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठलंय. ती पुरेसा माल, म्हणजे हार्मोन, बनवत नाही, म्हणून वरून गोळी. तुमची सूज तापानंतरची. साठवलेला माल रक्तात सांडलाय. टीएसएच म्हणजे माल बनवायची ऑर्डर; माल जास्त झाला, की मेंदू ती कमी करतो. गोदाम फुटलेलं असताना तुम्ही वर आणखी ट्रक रिकामा केलात."

ती गोळी बंद. सुजेसाठी वेगळी, धडधडीसाठी वेगळी. मध्ये काही दिवस सुस्ती येईल, पुन्हा तपासायचं. माझ्यासारख्या बहुतेकांचं ठीक होतं. बायकोची गोळी मात्र बहुधा जन्मभराची. दहा वर्षं ती रोज सकाळी काय गिळते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी सेठनं रद्दी कापडाचे पाच थर पुढ्यात टाकले. मी श्वास रोखून मशीन फिरवली. रेष सुटली नाही.

"कल से पच्चीस," सेठ म्हणाला.

"आणि पन्नास कधी?"

गोळीची गोष्ट कारखान्यात कोणी पोचवली, देव जाणे. सेठ म्हणाला, "तेरी बीवी से पूछ के बताता हूँ."