हेर्मीनेची खंडेनवमी

जर्मनीत खाण बंद पडली तरी संपत नाही, तिचं डेंकमाल होतं. म्हणजे स्मारक. कोळसा निघत होता तोवर तिथल्या काळ्या धुळीला लोक शिव्या घालायचे. कोळसा संपल्यावर तीच धूळ काचेखाली ठेवतात आणि बघायला तिकीट लावतात. रुर भागातली हेर्मीने ही अशीच एक जुनी खाण. आवारात लाल विटांचं यंत्रघर, आणि मागच्या टेकडीवर, म्हणजे खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर, दुमजली उंचीचा एक गंजका पोलादी पत्रा. ते शिल्प आहे. त्याचा गंज पुसायला सक्त मनाई. खाली यंत्रावर मात्र गंजाचा ठिपका दिसला की बैठक बसते. कुठला गंज पुण्यवान आणि कुठला पापी, हे ठरवायला सरकारी खातं आहे.

या हेर्मीनेच्या नादी श्यामकांत घोलप लागला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. नोकरी कोलोनच्या सॉफ्टवेअर कंपनीत, डिग्री मेकॅनिकलची. पण पुण्यातून बाहेर पडलेल्या बहुतेक मेकॅनिकल इंजिनिअरांप्रमाणे त्याने आयुष्यात एक बोल्ट आवळला नव्हता. त्याचे वडील नाना चिंचवडच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. मुलाला खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी उभ्याने जन्म काढला. मुलाला खुर्ची मिळाली आणि तो जो बसला तो बसलाच. मग एके दिवशी त्याला वाटायला लागलं, आपल्या बापाने ज्याच्यावर घर चालवलं त्या यंत्राला आपण कधी बोटसुद्धा लावलं नाही. वाटायला लागलं म्हणजे चांगलंच लागलं. 

“बाकीच्यांचे नवरे मोटारसायकल घेतात,” त्याची बायको मीनल म्हणाली. “तू खाण घे.”

त्याने घेतली. म्हणजे हेर्मीनेच्या फेराइनचा सभासद झाला. फेराइन म्हणजे आपलं मंडळच, फक्त इथे वर्गणीच्या आधी नियमावली हातात पडते. निवृत्त खाणकामगार दर बुधवारी दुपारी जमत आणि माणसांचा पिंजरा खाली-वर ओढणाऱ्या त्या जुन्या वाफेच्या यंत्राला पुसत, तेल घालत. यंत्र आता कुणालाच ओढत नव्हतं, पण कामावर असताना झाली नसेल एवढी बडदास्त त्याची आता चालली होती. नव्या सभासदाने दोन वर्षं फरशी झाडायची आणि कठडे पुसायचे, मगच तेलाची बुधली हाती यायची. श्यामकांतने ऑफिसच्या मीटिंगा इकडेतिकडे ढकलून मन लावून झाडलं. फेराइनचे अध्यक्ष डीटर कोवाल्स्की यांनी त्याला ‘झी’ म्हणजे अहो-जाहो सोडून पहिल्यांदा ‘डू’, म्हणजे अरे-तुरे, म्हटलं, त्या संध्याकाळी तो श्रीखंडाचा डबा घेऊन घरी आला. मीनलला वाटलं प्रमोशन झालं.

आणि एका बुधवारी डीटर म्हणाला, “आल्झो, श्याम. पुढच्या वेळी तेल तू घालायचंस.”

त्याने तडक नानांना फोन लावला. नानांनी यंत्र कुठल्या सालचं, चाक केवढं, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, “पुढचा बुधवार? अरे, खंडेनवमी आहे. पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि यंत्र त्या दिवशी बंद ठेव.”

“नाना, ते तीस वर्षं बंदच आहे.”

“मग तर पूजा हवीच.”

नानांच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथ धुऊन पुसून तिला झेंडूचा हार पडायचा, साहेबसुद्धा चपला काढून उभे राहायचे. श्यामकांतने मात्र सगळी खबरदारी घेतली. तो सगळ्यांच्या आधी पोचला. छतात धुराचे सेन्सर, म्हणून उदबत्ती नाही. नारळ फोडला नाही, नुसता ठेवला. स्वस्तिक काढलं नाही. जर्मनीत एवढी वर्षं राहून तेवढी अक्कल आली होती. फक्त चिमूटभर हळद आणि कुंकू, चाकाच्या बैठकीवरच्या फिकट रंगाला, बोटाने. हात जोडले तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

भरल्या डोळ्यांनी तो हळद पुसायला गेला. ती निघेना. तेलकट रंगात ती अशी मुरली होती, जशी फक्त नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यात मुरते. आणि तो रंग खाण चालू असतानाचा, मूळचा, म्हणजे साक्षात डेंकमाल.

डीटर आला, त्याने डाग पाहिला, नारळ पाहिला. रागावला नाही. रागावणं एक वेळ परवडलं असतं. त्याने स्मारक खात्याला फोन केला, कारण तसा नियम होता.

त्यानंतर बुधली कपाटात गेली आणि श्यामकांतचं बुधवारी जाणं थांबलं. आपल्याला काढून टाकणार, या देशात जिथे आपल्याला बिनकामाचं ‘डू’ म्हणतात ती एकुलती एक जागा आपण चिमूटभर हळदीत घालवली, या धास्तीने त्याची झोप उडाली. नानांचे फोन तो टाळू लागला. मुलगी अन्वी म्हणाली, “पापा, एस इस्ट नूअर आइन फ्लेक.” नुसता डाग आहे म्हणे. तिचं काय जातंय!

दिवाळीच्या तोंडावर स्मारक खात्याच्या फ्राऊ ब्रिंकमान भिंग आणि दिवा घेऊन आल्या. त्यांनी डागासमोर बराच वेळ बैठक मारली आणि उठल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” त्या म्हणाल्या. “हा डाग नाही, हेर घोलप. ही स्थलांतरितांच्या श्रमसंस्कृतीची जिवंत खूण आहे. हिचं जतन व्हायलाच हवं.”

श्यामकांतला हायसं वाटलं. “म्हणजे मी फेराइनमध्ये राहू शकतो?”

“राहायलाच हवं! तुम्हीही आता या खुणेचाच भाग आहात. फक्त यंत्राला हात लावू नका. खूण करणाऱ्यानेच पुन्हा हात लावला तर तिचा अस्सलपणा जातो.”

डागाभोवती दोरी आली, पाटी आली. बुधली गेली श्यामकांतच्या मागून भरती झालेल्या एका निवृत्त कर अधिकाऱ्याकडे. श्यामकांतने रविवारी दोरीबाहेर उभं राहून पाहुण्यांना पूजा समजावून सांगायची असं ठरलं. पहिल्या रविवारी तो फेराइनचा निळा डगला घालून गेला, तर फ्राऊ ब्रिंकमान फार गोड आवाजात म्हणाल्या की काही पारंपरिक असेल तर फोटो छान येतील. मीनलने झब्बा इस्त्री करून दिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

लक्ष्मीपूजनाला नानांचा व्हिडिओ कॉल आला. आता टाळणं शक्यच नव्हतं. मागे चिंचवडमध्ये फटाके फुटत होते.

“काय रे, घातलंस का तेल?” नाना ओरडले.

“हो, नाना.”

“शाबास! माझा पोरगा!” नाना हसले, आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आले. “ते काळं तेल नखांतून आठवडाभर निघत नाही बघ. दाखव, दाखव हात.”

श्यामकांतने मांडीवरचे आपले दोन्ही हात पाहिले. “नाना, आवाज तुटतोय,” तो म्हणाला, आणि फोन बंद केला.