उस्तानीबाईंची सही

"बघून घ्या, मीच आहे!"

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, नाशिकच्या सरकारी खजिन्यात, माझ्या टेबलापुढे हे वाक्य ऐकू यायचे. आधी काळ्या बुरख्यातून एक हात बाहेर येई. त्या हातात स्वतःचा बोरू आणि लहानशी पितळी दौत. आमची शाई त्यांना चालत नसे. "सरकार पाणी फार घालतं," म्हणत. बोरूचे टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत आणि मग पेन्शनच्या पावतीवर उर्दूत सही करत.

सरकारी उर्दू कन्याशाळेत त्यांची तीस वर्षे शिक्षिकेची नोकरी झाली होती. कचेरीत सगळे त्यांना उस्तानीबाई म्हणत. पडदानशीन बायकांना खजिन्यात न येण्याची सवलत असे. कुणा अधिकाऱ्याकडून हयातीचा दाखला आणून पाठवला की भागे. मी नवा होतो, तेव्हा मोठ्या उत्साहाने हा नियम त्यांना वाचून दाखवला.

"मी जिवंत आहे, हे दुसऱ्यानं का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "मला तोंड नाही?"

तोंड दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

पेन्शनरची ओळख पटवणे हे माझे काम. पेन्शनच्या कागदावर नमुन्याची सही असते, तिच्याशी पावतीवरची सही ताडून बघायची. मला उर्दू वाचता येत नव्हते. म्हणून त्यांची सही मी चित्रासारखी पाठ केली होती. नाव संपले की शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघे, नावाखालून परत उजवीकडे जाई आणि टोकाला होडीसारखी वर उचलली जाई. अशी ऐटदार सही साऱ्या कचेरीत कुणाची नव्हती. साहेबांचीही नव्हती.

मी विंचूरच्या शाळेतून आलेला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांनी माझ्या शाळेच्या कागदावर अंगठा उठवला होता, आणि मग बराच वेळ तो अंगठा ते धोतराला पुसत राहिले होते. ते मी विसरलो नव्हतो. तरीही पुढे जे बोललो ते बोललो.

झाले असे, की एकदा उस्तानीबाई दोन महिने आल्या नाहीत. आल्या तेव्हा उजव्या हाताला कंप होता. लकवा येऊन गेला होता. बोरू धरायलाच वेळ लागला. सही थरथरत निघाली आणि खाली घसरत छापील अक्षरांवर जाऊन पडली. नमुन्याशी ती जुळणे शक्य नव्हते.

साहेब नुकतेच बदलून आलेले, नियमाला पक्के. "सही जुळत नाही. यांचा अंगठा घ्या," म्हणाले. "नाहीतर ओळखीची दोन प्रतिष्ठित माणसं सहीनिशी लिहून देऊ देत. तोवर पेन्शन थांबेल."

त्या पेन्शनवर उस्तानीबाईंचे आणि त्यांच्या विधवा बहिणीचे घर चाले, हे मला माहीत होते. मी हळूच म्हणालो, "डावा अंगठा तर चांगला आहे, उस्तानीबाई. देऊन टाका. दोन मिनिटांचं काम."

बुरख्याची जाळी माझ्याकडे वळली.

"बेटा, तू बी.ए. ना?"

"हो."

"तीस वर्षं मी पोरींचे अंगठे सोडवले. आता माझा देऊ?"

माझी मान खाली गेली. त्यांनी बोरू पुसला, दौतीला बूच लावले आणि साहेबांच्या दाराकडे वळून म्हणाल्या, "माणसं आणते."

पुढच्या सोमवारी खजिन्याच्या ओट्यावर आठ बुरखे येऊन उभे राहिले. चपराशी गडबडून गेला. साहेब बाहेर आले. "हे काय? मी दोन प्रतिष्ठित माणसं म्हटलं होतं."

"मग ह्या काय आहेत?" उस्तानीबाई म्हणाल्या. "मोजायला चुकले असेन, साहेब. सात झाल्या."

त्यांतली एक आता त्याच कन्याशाळेची मुख्याध्यापिका होती, एक दवाखान्यात सुईण होती. बाकीच्या घरीच असत. एका म्हाताऱ्या बाईने तर सांगितले, "मी यांच्याहून मोठी. नातीला पोचवायला जायची, ती मीही बसले शिकायला." सातही जणींनी लिहून दिले: ह्या आमच्या उस्तानी, आम्ही यांना ओळखतो. मग एकेकीने सही केली. बोरू जिचे तिचे, घरून आणलेले.

नावे सात होती, मला एकही वाचता येत नव्हते. पण प्रत्येक नावाखालून एक रेघ उजवीकडे परत येत होती आणि टोकाला वर उचलली जात होती.

मी नमुन्याची जुनी सही घेतली आणि त्या कागदाशेजारी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुख्याध्यापिका सरकारी नोकर होती, तिची ग्वाही नियमात बसत होतीच. पण साहेबांचे बोट त्या साती रेघांवरून फिरत राहिले. शेवटी त्यांनी लिहिले: "ओळख पटली. आजची सही यापुढे नमुना म्हणून धरावी."

उस्तानीबाईंनी थरथरत सही केली. कुणीही घाई केली नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत मी विंचूरला पाटी घेऊन गेलो. वडील आधी हसले, मग रागावले, मग बसले. सुटी संपेपर्यंत त्यांनी नाव गिरवले. खालची रेघ मी काढायला लावली.

"ही कशाला?" त्यांनी विचारले.

"असू दे, दादा," मी म्हटले.

पुढे काही वर्षे उस्तानीबाई येत राहिल्या. त्यांच्या हाताचा कंपही मी पाठ केला होता. "बघून घ्या, मीच आहे!" आणि मी दरवेळी नीट बघून घेत असे. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. पण हजार सह्यांतून त्यांना ओळखले असते.

मग एका महिन्यात त्यांच्याऐवजी मुख्याध्यापिका आल्या. टेबलावर एक अर्ज ठेवला आणि उभ्या राहिल्या. पेन्शनर मयत झाल्याची खबर होती. सवयीने मी खालच्या सहीकडे बघितले.

रेघ उजवीकडे परत आली होती आणि टोकाला वर उचललेली होती.