हात टेकायची जागा

गॅरेजबाहेर, हँडल काढलेल्या मोटारसायकलवर माझी बायको डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात पुढे हवेत धरून. येणारे-जाणारे बघत होते, पण तिला त्याचं काहीच नव्हतं. लांबच्या प्रवासात तिचे खांदे भरून येतात, बोटं बधिर होतात. आता मोटारसायकल सोड, असं सगळ्यांचं सांगून झालं होतं. मीही त्यातलाच.

मेकॅनिकनं रुंद, चकचकीत हँडलं धरून दाखवली. तिनं प्रत्येकाला नकारार्थी मान हलवली. "दिसायला कसंही असू दे. माझे हात जिथे आपसूक टेकतात, तिथे हँडल हवंय."

मी हसलो. "म्हणजे शेवटी हात टेकलेसच!"

"जमिनीवरून उठताना तूही आधी हातच टेकतोस ना?" ती डोळे न उघडताच म्हणाली.

हात टेकणं आपण हरण्यासाठी राखून ठेवलं, आणि रोजचं उठणं विसरलो.

मेकॅनिकनं मागे वळलेलं एक साधं हँडल तिच्या तळव्यांखाली आणलं. बोटं मिटली. "हेच." उजवं मनगट हलकेच वळलं. गाडी बंद होती, पण ती निघाली होती.