आक्काला आणायला गेलो आणि बॅटरी उतरली

येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दोन दिवस आधी उजाडताच गाव सोडलं. गाडीत मी एकटाच. बायकोने उंडे (वाफवलेले पिठाचे गोळे) आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "आक्काला घेतल्याबिगर येऊ नका."

येळवस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या उदगीरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप (खोपटी) करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि भज्जी (ओले दाणे, पालेभाज्या आणि हरभऱ्याचं पीठ यांचं आंबट कालवण) पोट फुटेस्तोवर खायची.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन हैदराबादला नल्लकुंट्यात गेली ती तिथलीच झाली. पण येळवशीला यायची म्हणजे यायचीच. गुडघे गेले आणि ते बंद झालं. बसची पायरी चढवत नाही. सात वर्षं झाली. या दिवाळीला फोनवर म्हणाली, "दत्तू, एकदा शेतातली भज्जी खावी वाटतेय रे. पुढचं कुणी बघितलंय?" मी म्हटलं, गाडी घेऊन येतो. झालं, शब्द गेला.

मी चौथी शिकलेला माणूस. पण तीस वर्षं उदगीर-बिदर रस्त्यावर जीप चालवली आणि एकदाही पॅसेंजर रस्त्यात सोडला नाही. जीप विकून ही जुनी छोटी कार घेतली. तिच्यात बॅटरी आमच्या मिस्त्रीने प्लेटा बदलून दिलेली. नवी कंपनीची बॅटरी मी जन्मात घेतली नव्हती. शेजारचे लोक दीडपट पैसे मोजून भारी बॅटऱ्या आणायचे, मी हसायचो. करंट काय त्यात निराळा असतो?

बिदर मागे पडलं. जहीराबादच्या अलीकडेच आपली काळी माती संपून लाल माती लागली. एका झाडाखाली उंडे खाल्ले. संगारेड्डीपासून रस्ता असा रुंद की जीपच्या वेळचा मी असतो तर पाणीच आलं असतं डोळ्याला. पण शहरात शिरलो आणि सगळी ऐट उतरली. चारी बाजूंनी गाड्या. एक स्कूटरवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "चच्चा, सोने को आये क्या?" नल्लकुंट्याचं वळण कधी मागे गेलं कळलंच नाही, मी पार दिलसुखनगरला जाऊन पोचलो. भाच्याचा, सतीशचा, फोन आला.

"मामा, तिथंच थांबा, मी येतो."

"मी काय चुकलेलं वासरू आहे? येतो मी."

विचारत विचारत गेलोच. दोन तास जास्त लागले, ते मी त्याला सांगितलं नाही.

आक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास," म्हणाली. ती दरवेळी हेच म्हणते. सुनबाईने पेसरट्टू (हिरव्या मुगाचे डोसे) आणि गोंगुऱ्याची (आपल्या अंबाडीची) चटणी केली होती. सहा खाल्ले.

जेवता जेवता सतीश म्हणाला, "मामा, खरं सांगतो, माझं मन होत नाही. गाडी जुनी. रस्त्यात बंद पडली तर आई दहा पावलंसुद्धा चालू शकत नाही."

"माझी गाडी बंद पडत नसते."

"मग सकाळी एका सेल्फात चालू झाली पाहिजे. नाही झाली तर आई जाणार नाही. बघा."

"बघ तूच," मी म्हणालो.

सकाळी थंडी होती. खाली पार्किंगमध्ये आक्का शाल पांघरून, डोक्याला तेल लावून, लग्नाला निघाल्यासारखी खुर्चीवर बसलेली. सतीश हात बांधून उभा. वॉचमन, दोन शेजारी, सगळे बघायला. मी किल्ली फिरवली. खट्. परत फिरवली. खट् खट्. पुढे काही नाही.

"झालं," सतीश म्हणाला. "आता काय, आईला आत बसवून ढकलणार?"

आक्का नुसती शाल नीट करत राहिली. ते मला जास्त लागलं.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी काढायला पान्हा मागच्या सीटखाली होता म्हणून मागं गेलो, तर मागचं दार नीट लागलेलं नाही. फटीत आक्काच्या गाठोड्याची नाडी अडकलेली. सगळं डोक्यात आलं. संध्याकाळीच तिने वॉचमनच्या बायकोला धरून खाली येऊन गाठोडं गाडीत ठेवलं असणार; गाडीला कुलूप मी कधी लावत नाही. एकदा गाठोडं गाडीत गेलं की सतीश नाही कसं म्हणेल, हा तिचा हिशेब. दार राहिलं अर्धवट आणि टपाचा दिवा जळला रात्रभर.

हे तिथंच बोललो असतो तर माझ्या बॅटरीवरचा ठपका टळला असता. पण सतीश तिला चार लोकांत बोलला असता. मी नाडी आत ढकलली, दार लावलं आणि गप्प बसलो.

बॅटरी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. विद्यानगरला बॅटरीचं दुकान आहे असं वॉचमनने सांगितलं होतं. खड्ड्यात रिक्षा आदळली, ॲसिड सांडलं आणि धोतराला ही एवढी भोकं पडली.

दुकानदार करीमभाई, पांढरी दाढी, माझ्याच वयाचे. आधी माझ्या धोतरावर पाणी ओतलं, मग बॅटरीकडे बघितलं. चिमटे लावून मीटर बघितलं.

"रात को लाइट चालू रहा क्या, चच्चा?"

त्यांना मी खरं सांगितलं. बहिणीचं, दाराचं, भाच्याचं. म्हटलं, बॅटरीचा दोष नाही.

करीमभाई हसले. "एक बल्ब से एक रात में अच्छी बैटरी नै उतरती. तुम्हारी पैले से आधी गयी थी. लाइट तो बहाना है."

मी वाद घातला. तीस वर्षांचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मला इराणी चहा पाजला आणि मग म्हणाले, "जीप रोज चलती थी ना? चलती गाडी में कुछ भी चलता. अब ये गाडी आठ दिन खडी, एक दिन चलती. खडी गाडी में हलकी बैटरी जल्दी मरती."

तीस वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. खोटं बोलत नाही, मान खाली गेली.

मी म्हटलं, "मग सगळ्यात भारी द्या."

"नक्को," ते म्हणाले. "तुम को बीच की बस है. महंगी वाली दिनभर गाडी चलाने वाले को, बहुत सामान लगाने वाले को. उस में वारंटी लंबी है, गर्मी ज्यादा झेलती. पर उस को भी खडी रखे तो मरेगी. कायको पैसा फेंकते?"

विकायला बसलेला माणूस आणि भारी माल विकायला नको म्हणतो! पण माझी अडचण करंटाची नव्हतीच. मी म्हणालो, "भाई, गाडीला मधली पुरेल. माझ्या भाच्याला पुरणार नाही." ते उठले, भारी बॅटरी काढली, जुनी बदल्यात घेतली, आणि मला मागं बसवून स्वतःच्या स्कूटरवर नल्लकुंट्याला बसवायला आले. बसवायचे पैसे घेतले नाहीत. "बहन को ले जा रैं ना," एवढंच म्हणाले.

एका सेल्फात गाडी बोलली. सतीश वॉरंटीचं कार्ड उलटसुलट वाचत होता.

"जुनीला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

करीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. आक्कानेही.

"हलकी होती," मी म्हणालो. "चूक माझी. तू म्हणत होतास ते बरोबर."

आयुष्यात मी हे वाक्य फार लोकांना म्हटलेलं नाही. सतीशही गडबडला. कार्ड माझ्या खिशात घालून म्हणाला, "मामा, सावकाश जा," आणि वर जाऊन आईच्या पाठीला उशी घेऊन आला.

आक्काने विचारलं, "कार्डावर किती वर्षं लिहिलीत?" त्याने सांगितली.

"अगं बाई! म्हणजे आम्हा दोघांपेक्षा तिचीच गॅरंटी जास्त!" सगळी पार्किंग हसली.

पटानचेरू गेल्यावर ती हळूच म्हणाली, "दत्तू, दार मीच उघडं ठेवलं होतं ना?"

"नाही आक्का. बॅटरीच हलकी होती."

"हट्टी आहेस, पण खोटं बोलायला अजून येत नाही तुला," म्हणाली आणि उशीवर डोकं टेकून बिदर येईपर्यंत झोपली.

इथे सगळं उघड लिहिलंय, कारण सतीश तेलुगू शाळेत शिकलेला आहे. बोलतो मराठी, पण वाचता येत नाही.

आता पारावरची माणसं मला विचारतात, भारी बॅटरी घ्यावी का? मी करीमभाईंचंच सांगतो. गाडी दिवसभर पळत असेल, लांब जात असेल तर घ्या. दारात उभी राहत असेल तर मधली घ्या आणि दोन-तीन दिवसांनी गाडी फिरवा. मी स्वतः भारी घेतली आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. सतीशचा, करीमभाईंचा, दोघांचाही मी ऋणी आहे.

येळवशीला आक्का कोपीपुढं घोंगडीवर बसली. तीन वेळा भज्जी मागून घेतली. मग शेताच्या चारी बाजूंना आंबील शिंपडायची वेळ आली. मी म्हटलं, तू बस, बांधापर्यंत गाडी आणतो, काचेतून शिंपड.

"गाडी राहू दे," ती म्हणाली. "हात दे."

पहिल्या कोपऱ्याला पोचायलाच कितीतरी वेळ लागला. बाकीचे आमच्यासाठी जेवायचे थांबले होते, पण कुणी आवाज दिला नाही. चारी कोपरे झाले तेव्हा उन्हं कलली होती.